दोन डोंगरांच्या विहीणबाई

विहीणबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावत होतो. नोक, माझी सून, दारात येऊन उभी राहिली. ऑगस्टची थंडी, आणि पायात काही नाही.

"आबा, मॉम इज गॉन."

"कुठं?" मी म्हटलं.

खरंच विचारलं. कारण तेव्हा कुणी कुठं जातच नव्हतं. कोरोनानं सिडनी दुसऱ्यांदा बंद पडलेली, आमच्या गिरावीन उपनगरवाल्यांना तर भागाबाहेर पाऊल टाकायची बंदी, वर हेलिकॉप्टर फिरतंय. आठ दिवसांपूर्वी त्या फोनवर खोकल्या होत्या. मी म्हटलं होतं, बाम लावा. त्या हसल्या होत्या. आणि आता ही पोरगी अनवाणी उभी राहून सांगते, गेली. माझ्या हातातला डबा कलला, झाकण उघडलं, आणि तारेवर बसलेला पांढरा काकाकुवा खाली येऊन आत डोकावला. मी त्याला हाकललंसुद्धा नाही. विहीणबाईंनी हाकललं असतं. त्यांच्या भाषेत चार शिव्या देऊन.

मला अजून पटलेलं नाही. मी बहात्तर वर्षांचा, मधुमेह, एक डोळा अधू. नंबर माझा होता. आधी कमल गेली, मग या. रांग मोडून बायका पुढं जातात आणि मी इथं डबे लावतोय.

मी चौथी पास. कल्याणला पाणीखात्यात चावीवाला होतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, या गल्लीला पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. चौतीस वर्षं हेच केलं. लिहायची सवय नाही. पण विहीणबाईंबद्दल कुणी तरी लिहायला पाहिजे, आणि मराठीत तर त्यांना ओळखणारे आम्ही घरातले तीनच उरलो.

मिलिंदनं, माझ्या मुलानं, थाई मुलीशी लग्न करतो म्हणून सांगितलं तेव्हा मी खूश झालो होतो. आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातले, आणि नोकही बौद्ध. मी विहारात छाती काढून सांगितलं, आमची सून बुद्धाच्या देशातली. कमल म्हणाली, "अहो, बुद्ध आपल्याकडचा. तिकडं तो नंतर गेला." कमल माझी बायको. सातवी शिकलेली, म्हणून माझ्यापेक्षा तीन यत्ता शहाणी. मग मिलिंदनं आम्हा दोघांना इकडं बोलावून घेतलं, आणि नोकच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत विहीणबाई आल्या.

विमानतळावर आम्ही दोन तास उभे. सगळी माणसं बाहेर आली, या नाहीत. नोक रडकुंडीला आली. शेवटी आल्या. कमलच्या खांद्याला लागतील एवढी उंची, अंगात पुरुषी शर्ट, डोक्यावर कोळ्यांची असते तशी टोपी, आणि रंगानं आमच्यासारख्याच काळ्या. उशीर का, तर तपासणीवाल्यानं विचारलं, खाण्याचं काही आहे का? बाईंनी होय म्हटलं आणि एकेक पुडकं उघडून त्याला समजावत बसल्या. सगळी सुकवलेली माकूळ मासळी. गावच्या किनाऱ्यावर त्यांची माकूळ भाजायची हातगाडी होती. प्रत्येक पुडक्याला निळी चिकटपट्टी, आणि प्रत्येक पट्टीचा एक कोपरा आत दुमडलेला. पुढच्या वेळी उघडताना नख लागावं म्हणून. मी म्हटलं, बाई हुशार आहे. मग गाडीत बसल्यावर वास आला. मी काच खाली केली.

त्यांचं नाव बुनमी. गाव प्रचुआप. त्यांचा देश जिथं कंबरेला बारीक होतो तिथलं समुद्रकाठचं गाव. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पाण्यात बोट बुडवून ते काढून दाखवलं. ही खाडी, कोयत्यासारखी वाकलेली. या टोकाला एक डोंगर, त्या टोकाला दुसरा. मागं लगेच जंगल, आणि जंगलामागं ब्रह्मदेश. मग दोन्ही डोंगरांवर बोट आपटून म्हणाल्या, "मंकी. मंकी. बट नो सेम."

त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे नाही. पण त्या थांबायच्या नाहीत. हातवारे करायच्या, आवाज काढायच्या, फोनमधला फोटो नाकाला लावायच्या. पहिल्या डोंगरावर चारशे पायऱ्या आहेत, वर देऊळ आहे, आणि पायऱ्यांवर लाल तोंडाची, आखूड शेपटीची माकडं. चोर नंबर एक. पिशवी ओढतात, चष्मा ओढतात, वर दात दाखवतात. दुसरा डोंगर समुद्राला लागून, लष्कराच्या छावणीत. तिथं वानरं. करडी, लांब शेपटीची, आणि डोळ्यांभोवती पांढरं गोल, चष्मा घातल्यासारखं. ती हिसकत नाहीत. हात पुढं करतात, आपलं बोट हळूच बाजूला सारतात आणि मग शेंग घेतात. आणि त्यांचं पिल्लू जन्मतं ते नारंगी! भगवं नाही, पिवळं नाही, पिकल्या संत्र्यासारखं. काळ्याकरड्या आईच्या पोटाला ते चिकटलेलं असतं ते लांबूनसुद्धा दिसतं. सहा महिन्यांत रंग जातो.

"नारंगी?" कमल म्हणाली. "खरंच?"

"खरंच," विहीणबाई म्हणाल्या. हा त्यांचा पहिला मराठी शब्द.

त्यानंतर त्या सगळ्या जगाची वाटणी या दोन डोंगरांवर करायच्या. माणूस दिसलं की लगेच ठरवायच्या. पोस्टाची पोरगी, समुद्राकडचा डोंगर. दुकानातला गिऱ्हाइकावर खेकसणारा, पायऱ्यांचा डोंगर. काकाकुवे चोचीनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हसून खाली बसल्या, "स्टेअर मंकी! व्हाइट स्टेअर मंकी!" मिलिंद, नोक, कमल, तिघं समुद्राकडचे. मी विचारलं, आणि मी?

माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आबा, स्टेअर मंकी."

कमल इतकी हसली की तिला ठसका लागला. विहीणबाईंनी खिशातून हिरव्या बामाची बाटली काढली, तिच्या नाकाखाली लावली. ती बाटली कायम मुठीत. बोटभर उंचीची, काचेची. डोकं दुखलं, बाम. डास चावला, बाम. मिलिंदची मीटिंग बिघडली, त्याच्या कानशिलाला बाम. कमलच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी चोळायच्या. तीस वर्षं ते गुडघे दुखले, मी कधी चोळले नाहीत. खोटं कशाला लिहू.

फेब्रुवारीत माया झाली, आमची नात. आपल्याकडं बाळाची ओढाताण होते, माझी नात, तुझी नात. इथं उलटंच. विहीणबाई मायाला पाच मिनिटं घ्यायच्या की कमलकडं द्यायच्या, कमलनं पाच मिनिटं घेतलं की परत मागायच्या. त्या डोंगरावरच्या वानरणी असंच करतात म्हणे. एकीचं पिल्लू, आणि सगळ्या मावश्या आळीपाळीनं सांभाळतात, म्हणून आई निवांत पाला खाते. नोक खरंच निवांत जेवायची.

दहा वाजता मायाला निजवून दोघी फिरायला निघायच्या. कमलची आयुष्यभराची एक सवय. घराबाहेर पडताना दारात थांबून विचारणार, "अहो, येऊ का जाऊन?" भाजीला असो, माहेरी असो. मी "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. मी कधी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, कधी नुसता हुंकार. विहीणबाई तिच्या शेजारी टोपी घालून उभ्या. त्यांना हे फार आवडलं. पुढं पुढं कमलच्या आधी त्याच विचारायच्या, "अहो, येऊ का चाऊन?" ज त्यांना जमायचा नाही. मी म्हणायचो, "या, या, दोघी या."

या दोघी काय बोलायच्या देव जाणे. म्हणजे देव मी मानत नाही, पण बोलायच्या काय? कमलला त्या 'कमोन' म्हणायच्या. नोकनं सांगितलं, त्यांच्याकडंही हेच नाव आहे, फक्त शेवटी न. एकदा दोघी पदपथाशेजारच्या गवतात ओणव्या बसलेल्या. शेजारचा ब्रायन, सत्तरीचा गोरा, धावत आला, "यू राइट, लव्ह? लॉस्ट समथिंग?" आणि तोही गुडघ्यावर बसून शोधायला लागला. दोघी घोळाची भाजी खुडत होत्या. आपल्याकडं घोळ, त्यांच्याकडं आणखी काही, पण दोघींनी एकाच वेळी ओळखली होती. ब्रायनला वाटलं अंगठी हरवली. त्या संध्याकाळी त्याच्याकडं वाटीभर भाजी गेली. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, वर "व्हेरी नाइस" लिहिलेली चिठ्ठी. विहीणबाईंनी निकाल दिला, "ब्रायन, समुद्र."

दुपारी चहाला गोष्टी. त्यांच्या भावाची अननसाची शेती जंगलाला लागून. एकदा भरदुपारी हत्ती आला. भाऊ पाण्याच्या टाकीवर चढून बसला आणि तिथून बहिणीला फोन करून सांगत होता. हत्ती म्हणे एकेक अननस सोंडेत धरून दाबून बघतो, कच्चा निघाला तर टाकून देतो, बाजारातल्या बाईसारखा. पूर्ण एक ओळ निवडून खाल्ली. एक गुहा, तिच्या छताला भोक, आणि सकाळी ऊन बरोबर आतल्या छोट्या मंडपावर पडतं. दिवेलागणीला समुद्रावर माकूळ धरणाऱ्या होड्यांचे हिरवे दिवे, ओळीनं, क्षितिजावर दुसरं गाव वसल्यासारखे. कमल तोंड उघडं ठेवून ऐकायची. पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहिली, कल्याण सोडून मी तिला काय दाखवलं? महाबळेश्वरसुद्धा राहिलं.

ईस्टरच्या सुट्टीत सगळ्यांनी प्रचुआपला जायचं ठरलं, तिकिटं काढली. कमलनं पांढरे बूट घेतले. मायाला नारंगी रंगाचं झबलं शिवलं. तिकडच्या आयांनी बघितलं पाहिजे, म्हणाली, आमचंही नारंगी असतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं गेली, तिकिटं गेली. विहीणबाई अडकल्या. पांढरे बूट खोक्यातच.

एप्रिलमध्ये कमलला सकाळी दम लागला. हृदय आधीच कमजोर होतं. रुग्णवाहिका आली, अंतराळात जातात तसे कपडे घातलेली दोन माणसं आत आली. त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. मला दोन दिवस ताप, खोकला. त्यांनी मला लांब उभं केलं. मी मिलिंदवर ओरडत होतो, माझा मास्क कुठंय, माझा मास्क कुठंय. दाराजवळ स्ट्रेचर थांबलं. कमलनं मान वळवली. म्हणाली,

"अहो, येऊ का जाऊन?"

मी ऐकलं. पण मी मास्क शोधत होतो. मी काही बोललो नाही. स्ट्रेचर गेलं.

खोकल्यामुळं मला दवाखान्यात सोडेनात. माझ्या नाकात काडी घातली, निकाल येईपर्यंत मागच्या खोलीत बसा म्हणाले. तिकडं दिवसाला एकच माणूस. पहिल्या दिवशी मिलिंद गेला. मग कमलनंच सांगितलं, ताईला पाठव. दोन दिवस विहीणबाई बसल्या. तिसऱ्या दुपारी कमल गेली. शेवटचं पाणी त्यांच्या हातचं. माझा निकाल ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. मला काहीच झालेलं नव्हतं.

काहीच झालेलं नव्हतं, आणि मी मागच्या खोलीत बसून होतो.

अंत्यविधीला दहाच माणसं. खुर्च्या लांब लांब. भन्तेजी फोनवर, आणि त्रिसरणाच्या मध्यात फोन तुटला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पुत्थंग सरणंग खच्छामि." विहीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मी आपल्या चालीत लागलो, "बुद्धं सरणं गच्छामि." त्यांचे उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण कुठं थांबायचं ते दोघांना ठाऊक. तीन महिने एका घरात राहून आम्हा दोघांना एक सरळ वाक्य बोलता आलं नव्हतं. ते तिथं बोललो, आणि तेही पालीत, ज्या भाषेत आम्हा दोघांनाही कांदे-बटाटे मागता येणार नाहीत.

मला वाटलं, चला, धर्म तरी एक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर कमलच्या फोटोपुढं ग्लासभर लाल सरबत. आत स्ट्रॉ घातलेली, तिच्या तोंडाकडं वळवून.

माझं डोकं सटकलं. या असल्या गोष्टी आमच्या बापानं घरातून काढून टाकल्या, आणि त्या सिडनीत येऊन माझ्या घरात? मी ग्लास बेसिनमध्ये ओतला. म्हटलं, "मेलेलं माणूस सरबत पीत नाही. बुद्धानं हे शिकवलं नाही." नोकनं घाबरत भाषांतर केलं.

विहीणबाईंनी ग्लास विसळला, परत भरला, स्ट्रॉ परत वळवली. "बुद्धा नो थर्स्टी," म्हणाल्या. "कमोन थर्स्टी."

मिलिंद हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मी हसलो नाही. पण उरलेले सहा महिने ते सरबत मी ओतलं नाही. नंतर दुपारी त्या स्वतःच ते पिऊन टाकायच्या, वाया नको म्हणून. मी म्हणायचो, बघा, शेवटी कोण पितं!

कमलची राख एका करड्या प्लास्टिकच्या डब्यात मिळाली. वर नावाचं लेबल, झाकणाला सील. गावच्या नदीत सोडायची, आईबापांची सोडली तिथं. पण भारताची विमानं बंद. मी डबा माझ्या पलंगाशेजारी ठेवला. मग खुर्चीत. मग टीव्ही बघताना मांडीवर. मिलिंद म्हणाला, "आबा, खास विमानं सुरू झालीत, नाव नोंदवू का?" मी म्हटलं, थंडी जाऊ दे. मग म्हटलं, गुडघा दुखतो. मिलिंद समजला. मला तिला सोडायचं नव्हतं. तिनं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. असं कसं सोडायचं?

एक दिवस विहीणबाई समोर येऊन बसल्या. डब्याकडं बघत म्हणाल्या, "समुद्राकडचा डोंगर. मम्मा मंकी. बेबी डाय." मग हाताची झोळी करून छातीशी धरली. "शी कॅरी. थ्री डे. फाइव्ह डे. नोबडी टेक. एव्हरीबडी सिट निअर."

मी म्हटलं, "मला माकड म्हणताय?"

त्यांना कळलं नाही. किंवा कळलं. तिथंच बसून राहिल्या. मीही बसून राहिलो. टीव्हीवर कसलं तरी क्रिकेट चाललं होतं, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत बसल्या.

ऑक्टोबरात त्यांच्या सरकारचं विमान मिळालं. आमच्या रस्त्यावरची जांभळ्या फुलांची झाडं नुकती फुलायला लागली होती. दारात गाडी उभी. त्यांनी अंगभर प्लास्टिकचा रेनकोट घातलेला, तोंडाला मास्क, वर पारदर्शक पडदा, डोक्यावर तीच टोपी. मायाचा मुका घेता येईना तर पडदाच तिच्या कपाळाला टेकवला. मग माझ्याकडं वळून नमस्कार केला. पण त्यांचा एक हात उघडा, दुसऱ्याची मूठ मिटलेली. मुठीत बामाची बाटली. मला विचित्र वाटलं. एवढा नमस्कार करतात तर बाटली खिशात टाकायला काय झालं? आणि बामाचा वासही येत नव्हता. पण मी म्हटलं, मास्क आहे, वास कसा येणार?

गाडी गेली. मी आत आलो, रोजच्यासारखा डबा पुसायला घेतला. झाकणाचं सील कापलेलं होतं. त्यावर निळी चिकटपट्टी. पट्टीचा एक कोपरा आत दुमडलेला.

मी जमिनीवर बसलो. मग जे ओरडलो ते ब्रायनलासुद्धा ऐकू गेलं असेल. "चोर! माझी बायको चोरली!" नोकला खरंच काही माहीत नव्हतं. मिलिंद म्हणाला, "आबा, कॅल्म डाउन." मी म्हटलं, "तुझी आई मूठभर कमी आहे आणि मी कॅल्म डाउन?" पन्नास वर्षं संसार केला. उभ्या आयुष्यात माझ्या घरात असा हात कुणी घातला नव्हता. दवाखान्यातही तीच, शेवटच्या पाण्यालाही तीच, आणि आता हेही?

तिकडं उतरल्यावर त्यांना पंधरा दिवस हॉटेलच्या खोलीत कोंडलं होतं. रोज फोन करायच्या. मी घेतला नाही. नोकला सांगितलं, त्या बाईचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही. लाल सरबताचा ग्लास मीच कपाटात ठेवून दिला.

त्या पंधरा दिवसांत मी खूप चोऱ्या आठवल्या, पण अशी चोरी आठवेना. सोनं नाही, नाणं नाही. तपासणीवाल्यापुढं पुडकं न् पुडकं उघडणारी बाई. ती मूठ मिटून, पडद्याआड तोंड लपवून का गेली?

आता ते वर्ष उलटून दुसरा ऑगस्ट आला. विहीणबाईंचं सगळं झालं, ते नोकनं फोनवर बघितलं, मायाला मांडीवर घेऊन. त्यांचीही राख त्यांच्या गावच्या त्याच खाडीत सोडली. त्या दिवशी मी फोनसमोर बसलो नाही. नंतरच्या त्या मला आठवतही नाहीत, कारण फोन इतका जवळ धरायच्या की नुसतं कपाळ दिसायचं. माझ्या डोळ्यांपुढं त्या आहेत त्या सोळाव्या दिवसाच्या, हॉटेलातून सुटल्या त्या दिवसाच्या.

त्या सकाळी नोक फोन घेऊन माझ्या खोलीत आली. फोन माझ्या मांडीवरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दारात जाऊन थांबली.

होडी. लांब, निमुळती, पाणी हिरवं. विहीणबाई मध्ये बसलेल्या, मास्क हनुवटीखाली, टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून एक हात टोपीवर. मागं तो डोंगर, पाण्यातूनच उठलेला, झाडांनी भरलेला. त्यांनी फोन वळवला. झाडात करडं काही तरी हललं. फांदीवर तिघी-चौघी बसलेल्या, शेपट्या सरळ खाली. आणि एकीच्या पोटाशी एक ठिपका. नारंगी. कमलनं मायाला शिवलेल्या झबल्याच्या बरोबर त्याच रंगाचा.

मी इतका वेळ ठरवून ठेवलेल्या शिव्या कुठं गेल्या कळेना.

फोन परत वळला. विहीणबाईंनी मूठ उघडून बाटली दाखवली. झाकणाला निळी पट्टी. म्हणाल्या, "आबा, मी स्टेअर मंकी." आणि रडायला लागल्या. मग डोळे पुसून, शाळेत पोरं पाठ म्हणतात तसं, एकेक शब्द जपून काढला. दवाखान्यातून एवढ्या लांब, सहा महिने, तोंडात सांभाळून आणलेला.

"कमोन टॉक. हॉस्पिटल. कमोन से, मंकी बघायचं. कमोन से, आधी त्यांना विचार."

बाटली उघडली नव्हती. पंधरा दिवस कोंडलेल्या, मी फोन घेईना, आणि यांनी पट्टीसुद्धा काढली नव्हती. बाटली त्यांनी फोनच्या अगदी जवळ धरली, मला फक्त काच दिसत होती, आणि काचेमागून त्यांचा आवाज आला.

"अहो, येऊ का चाऊन?"

होडीवाला इंजिन बंद करून बसला होता. पाणी होडीला लागत होतं तेवढाच आवाज. मांडीवरचा डबा मी उचलला. झाकण वर करून फोनसमोर धरला, डोंगर नीट दिसेल असा. मेलेलं माणूस सरबत पीत नाही म्हणणारा मी.

"ये," मी म्हटलं.

आवाज फुटला नाही बहुतेक, कारण त्या तशाच थांबल्या होत्या. म्हणून परत म्हटलं, मोठ्यानं, गल्लीच्या टोकावरून पाणी सोडलं म्हणून ओरडायचो तसं.

"ये गं, ये जाऊन!"

विहीणबाईंनी मान हलवली, आणि पट्टीचा दुमडलेला कोपरा नखानं उचलला.